आधी विचारा, मग मोजा

हाउसिंग सोसायटीची जुनी इमारत पाडून नवी बांधायची म्हटलं तर महाराष्ट्रात निदान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं, विकासक निवडताना निबंधकाचा प्रतिनिधी समोर बसवावा लागतो. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ अ खाली सरकारने जुलै २०१९ मध्ये काढलेल्या आदेशात हे सगळं लिहिलेलं आहे. वीस-पंचवीस बिऱ्हाडांच्या इमारतीला कायद्याने दिलेला हा मान योग्यच आहे. मग तोच मान अख्ख्या गावाला का मिळत नाही? पुण्याजवळच्या मारुंजीत, माणमध्ये, हिंजवडीत रस्ता किती रुंद होणार, कुणाच्या अंगणातून जाणार, आरक्षण कुणाच्या वावरावर पडणार हे ठरतं तेव्हा कुठली सभा होते आणि कुणाची संमती मोजली जाते?

गावात ही बातमी पहिल्यांदा पोचते ती भिंतीवर. कुंपणाला लाल रंगाची फुली किंवा बाण, शेजारी मीटरचा आकडा. रंगाचा डबा घेऊन आलेला पोरगा कंत्राटदाराचा असतो. त्याला विचारलं तर तो म्हणतो, साहेबांना विचारा. साहेबांना विचारलं तर ते म्हणतात, वरून आलंय. घरातली बाई दारात उभी राहून तो रंग वाळेपर्यंत बघत राहते, कारण फुलीच्या अलीकडे तिचं न्हाणीघर आहे आणि पलीकडे स्वयंपाकघर.

आता जरा हिशोब करू, कारण या भांडणात आकड्यांशिवाय बोलणाऱ्यांची गर्दी फार झाली आहे. या पट्ट्यातला कुठलाही जुना सातबारा उघडा. पणजोबांच्या नावावरची चार एकर जमीन, वारस लागत लागत आता चुलत भाऊ, आत्या, बहिणी धरून पंधरा-सोळा नावं. एकराचे ४० गुंठे, चार एकरांचे १६०. वाटणीला आले दहा गुंठे. त्यातल्या एकाच्या वाट्याला रस्त्याकडेची पट्टी आली, म्हणजे ‘रोड टच’. रस्त्यालगत शंभर मीटर लांब, आत दहा मीटर खोल. सगळ्या भावकीत त्याचं नशीब चांगलं, असं लोक म्हणतात. त्याने तिथे चार गाळे काढले, एकात सलून, एकात मेडिकल, एकात झेरॉक्स, एकात पोळी-भाजी केंद्र. शेती संपल्यावर घर चालतं ते या भाड्यावर. समजा, २४ मीटरचा रस्ता ३६ मीटर करायचा ठरला. दोन्ही बाजूंनी सहा-सहा मीटर जाणार. या माणसाचे जवळजवळ सहा गुंठे गेले. उरली चार मीटर खोलीची पट्टी, आणि नव्या बांधकामाला नियमाप्रमाणे सामासिक अंतर सोडलं की त्या पट्टीवर पानटपरीसुद्धा उभी राहणार नाही. चार गाळे गेले, गाळ्यातले चार भाडेकरू गेले, त्यांच्याकडे काम करणारी पोरं गेली. मोबदल्यासाठी नाव लागेल ते सातबारावरच्या माणसाचं. सलूनवाल्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

मोबदला म्हणून टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या, एफएसआय (त्याच जागेवर जास्तीचं बांधकाम) घ्या, असं समजावलं जातं. ज्याच्याकडे बांधायला जागाच उरली नाही त्याने एफएसआय घेऊन काय करायचं? टीडीआर घेतला तर तो विकावा लागतो, आणि विकत घेणारा बिल्डर असतो. भाव कुणाच्या हातात राहतो हे सांगायला नको. गावकरी रोख मागतात म्हणून त्यांना हावरट म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतःच्या घराला लावून पाहावा.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच खरी आहे. लक्ष्मी चौकातून मारुंजीकडे वळणारा रस्ता सकाळी नऊ वाजता बघा. लाखोंचं कर्ज काढून इथे फ्लॅट घेतलेली पोरं-पोरी कामाला जाताना आणि येताना आयुष्याचे तास त्या रांगेत घालवतात. नळाला पाणी पुरत नाही म्हणून सोसायटीच्या गेटवर टँकर उभा असतो आणि टँकरच्या बिलावरून दर महिन्याला वाद होतात. जून २०२५ मध्ये मोठा पाऊस झाला आणि आयटी पार्कच्या रस्त्यांना नदीचं रूप आलं. त्या वर्षी ‘अनक्लॉग हिंजवडी’ म्हणून आयटीतल्या रहिवाशांनी सह्यांची मोहीम काढली आणि हजारोंनी सह्या केल्या. त्यांची मागणी रास्त होती. रस्ता हवा, गटार हवं, नाल्यांवरची बांधकामं हटवा. सरकार हललं, पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, पथकं आली, नाल्यांवरची आणि रस्त्याकडेची बांधकामं पडू लागली, रुंदीकरणाची भाषा सुरू झाली. आणि मग गावकरी रस्त्यावर आले, की आमच्या घरादाराचं काय.

इथून खरी खोट सुरू झाली. सोसायटीवाले म्हणू लागले, गाववाले विकासाच्या आड येतात. गाववाले म्हणू लागले, हे काल आले आणि आज आम्हाला उठवतात. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. ज्यांनी पंचवीस वर्षं रस्ता आखला नाही आणि बांधकाम परवानग्या मात्र वाटल्या, त्यांच्याकडे बोट दाखवायला कुणी उरलंच नाही. आयटी पार्कातला रस्ता एमआयडीसीचा, बाहेरचा सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा पीएमआरडीएचा, गटार ग्रामपंचायतीचं, पोलिस पिंपरी-चिंचवडचे, तहसील मुळशीची. चारशे एकरांच्या आसपासची टाउनशिप मारुंजीच्या शिवारात उभी राहताना तिथल्या माणसांना बाहेर पडायला वाट कुठली, हा प्रश्न विचारायची जबाबदारी सातबारावरच्या म्हाताऱ्याची नव्हती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरचीही नव्हती.

हिंजवडीची मूळ गोष्ट शरद पवारांनी अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. तिथे साखर कारखाना व्हायचा होता. तो कारखाना पुढे कासारसाई-दारुंब्रे इथे गेला आणि हिंजवडीत आयटी पार्क आलं. निर्णय म्हणून तो मोठा होता, लाखोंना रोजगार मिळाला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला कारखान्यात निदान सभासद म्हणून शेअर मिळाला असता, वार्षिक सभेत उभं राहून चेअरमनला प्रश्न विचारता आला असता. आयटी पार्कात त्याच्या पोराला मिळालं काय? सिक्युरिटी, हाउसकीपिंग, कॅबचा धंदा, आणि पाण्याच्या टँकरचा.

२६ जुलै २०२५ ला सकाळी तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार हिंजवडीत पाहणीला आले. सरपंचांनी रस्त्यात येणाऱ्या मंदिराचा प्रश्न काढला तेव्हा, धरण होतं तेव्हा मंदिरंही जातात, अशा अर्थाचं ते बोलले. आयटी पार्क बंगळुरू-हैदराबादला चाललंय, याचा त्रागा त्यांच्या बोलण्यात होता. तो त्रागा मी समजू शकतो. पण मुळशी तालुक्यात उभं राहून धरणाचा दाखला द्यायचा तर आधी मुळशीच्या धरणाची आठवण ठेवायला हवी.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाखाली ५२ गावं जाणार म्हणून मावळे कामावर जाऊन बसले आणि मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती बापट झाले. तीन वर्षं माणसं तुरुंगात गेली, मार खाल्ला. शेवटी लढा मोडला तो बाहेरून तसाच आतूनही. जमिनीच्या कागदावर ज्यांची नावं होती ते पुण्याचे सावकार नुकसानभरपाईच्या वाटाघाटीला लागले, आणि जमीन कसणारा मावळा एकटा पडला. धरण झालं, १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून वीज मुंबईला जाऊ लागली. मुंबईला वीज कशाला हवी होती? गिरण्यांना, गाड्यांना. मुळशीचं भाताचं खाचर बुडालं आणि परळची गिरणी चालली. त्या गिरणीत काम करायला गेला तो कोकणातला, घाटावरचा, मावळातला माणूस. तारेच्या एका टोकाला ज्याचं शेत बुडालं तो, दुसऱ्या टोकाला ज्याचा घाम गळला तो. दोघांची कधी भेट झाली नाही, आणि त्याचा परिणाम दोघांनीही भोगला.

कारण साठ वर्षांनी पाळी गिरणी कामगाराची आली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि मालकांच्या लक्षात आलं की सुतापेक्षा जमीन महाग आहे. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर, मुंबईच्या ऐन पोटात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने वाटणी ठरवली. जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. वाटणी बरी होती. २००१ मध्ये नियमात बदल झाला. आता वाटणी अख्ख्या जमिनीची राहिली नाही, जिच्यावर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या तुकड्याची राहिली. गिरणीच्या आवारात मोकळं असतं किती? एका दुरुस्तीने शहराची मैदानं गेली आणि कामगारांची घरं गेली. पर्यावरणवादी संस्था हायकोर्टात गेल्या, २००५ मध्ये तिथे जिंकल्या. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने २००१ चा बदल कायम ठेवला. तोवर फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा होता.

या सगळ्यात युनियन कुठे होती? मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ नुसार गिरणी धंद्यात एकाच संघटनेला प्रतिनिधित्वाचा अधिकार होता आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ज्यांच्या मागे कामगार होता त्यांना सहीचा हक्क नव्हता, आणि ज्यांच्याकडे सहीचा हक्क होता त्यांच्या मागे कामगार नव्हता. जमीन हातची जाताना ही गोष्ट किती महागात पडते ते लालबाग-परळने पाहिलं. १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली, तेव्हा कुठे कामगाराला आवाज मिळाला. इस्वलकर शेवटपर्यंत साधे राहिले, एप्रिल २०२१ मध्ये गेले. त्यांच्या लढ्याने सरकारला गिरणी कामगारांची घरं बांधावी लागली. २०१२ ची सोडत निघाली ती ६,९२५ घरांची, घर २२५ चौरस फुटांचं. अर्ज दीड लाखांच्या घरात. उरलेल्यांना पुढे मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीचा रस्ता दाखवण्यात आला, आणि म्हणून ९ जुलै २०२५ ला साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं आझाद मैदानावर पुन्हा बसली, की आमचं घर मुंबईतच हवं. त्यांच्यातल्या कित्येकांनी संपाच्या वेळी नुकतंच लग्न केलं होतं.

कामगार आणि शहरातला रहिवासी वेळेवर एकत्र आले तर काय होतं, याचा दाखला सिडनीत आहे. १९७१ मध्ये हंटर्स हिल नावाच्या सुखवस्तू वस्तीतल्या १३ बायका केलीज बुश या झाडीच्या तुकड्यासाठी धडपडत होत्या. तिथे बंगले होणार होते. नगरपालिकेपासून मंत्र्यांपर्यंत सगळीकडे नकार मिळाल्यावर त्या बांधकाम मजुरांच्या युनियनकडे गेल्या. जॅक मंडी त्या युनियनचे सचिव, कम्युनिस्ट. बायका मध्यमवर्गीय. युनियनने एकच अट घातली, आधी वस्तीची जाहीर सभा घ्या आणि लोकांना हे हवंय का ते आम्हाला दाखवा. सभेला सहाशे माणसं आली. युनियनने काम करायला नकार दिला. बिल्डर म्हणाला, युनियनबाहेरचे मजूर आणतो. तेव्हा त्याच बिल्डरच्या दुसऱ्या साइटवरच्या मजुरांनी कळवलं की तिथल्या एका झाडाला हात लागला तर ही अर्धी झालेली इमारत कायमची अर्धीच राहील. केलीज बुश आजही झाडी आहे. पुढच्या तीन-चार वर्षांत अशा चाळीसहून अधिक बंद्या झाल्या, त्यांना ‘ग्रीन बॅन’ म्हणतात, आणि सिडनीची ‘द रॉक्स’ ही जुनी वस्ती त्यातूनच वाचली. १९७५ मध्ये त्याच युनियनच्या राष्ट्रीय नेतृत्वाने सिडनीची ही शाखा ताब्यात घेऊन चळवळ संपवली, हेही सांगायला हवं.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाची वाटते ती युनियनने घातलेली अट. आधी सभा घ्या. मजुराने स्वतःचा रोज पणाला लावण्याआधी वस्तीला विचारलं.

मारुंजीत ही भेट कुणाची कुणाशी व्हायची? इथे बांधणारा मजूर बिहार, झारखंड, मराठवाड्यातून आलेला आहे. प्रकल्पाच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांत राहतो, टॉवर पुरा झाला की दुसऱ्या साइटवर जातो. त्याला नकार देण्याची मुभा नाही, कारण ठेकेदाराने उचल दिलेली असते. टॉवरमधला आयटीवाला स्वतःला कामगार समजायला आता कुठे शिकतो आहे. फाइट, नाइट्ससारख्या संघटना पुण्यात आयटीवाल्यांसाठी लढतात, पण त्यांचं बळ अजून नोकरी गेलेल्याला नुकसानभरपाई मिळवून देण्यात खर्च होतं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांहून अधिक माणसं कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा मारुंजीतल्या किती घरांत हप्त्याची काळजी शिरली असेल. ज्याची नोकरी अशी टांगलेली, त्याला शेजारच्या शेतकऱ्याची टांगलेली जमीन सगळ्यांत लवकर कळायला हवी. दोघांनाही एकाच प्रकारचा कागद येतो. निर्णय झालेला असतो, तारीख पडलेली असते, खाली फक्त पोच म्हणून सही करायची असते.

पिंपरी-चिंचवडने तर हे धडे स्वतःच्या अंगावर घेतलेत. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण निघालं ते कामगारांना परवडणारी घरं देण्यासाठी. आकुर्डी, निगडी, वाकड, थेरगाव, रहाटणी, चिखली अशा गावांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या. ज्यांच्या जमिनी सुरुवातीला गेल्या त्या शेतकऱ्यांनी साडेबारा टक्के जमीन-परताव्यासाठी दशकानुदशकं हेलपाटे घातले. घरं मिळाली ती किती कामगारांना? प्राधिकरणाच्या ताब्यात पडून राहिलेल्या जमिनीवर कामगारांनीच गुंठा-अर्धा गुंठा घेऊन घरं बांधली आणि ती अनधिकृत ठरली. २०१७ मध्ये रिंगरोडच्या नावाने त्याच घरांना नोटिसा आल्या, तेव्हा घर बचाओ संघर्ष समिती उभी राहिली. ज्या माणसासाठी प्राधिकरण निघालं, त्याच माणसाचं घर पाडायला प्राधिकरण आलं. २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झालं. घरांच्या मालकीचा प्रश्न मागे राहिला.

आणि चिखलीतली कुदळवाडी. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने काही दिवसांत चार हजारांहून अधिक पत्राशेड, गोदामं, लहान कारखाने पाडले. त्यांतली बरीचशी बेकायदा होती, आगी लागायच्या, प्रदूषण व्हायचं, हे मान्य. पण त्या शेडमध्ये लेथवर उभा राहणारा, भंगार वेगळं करणारा हजारो माणसांचा जथा एका आठवड्यात रस्त्यावर आला आणि त्यांच्यासाठी कुणी बोललं असेल तर ते लघुउद्योजक. कामगारांची युनियन नव्हतीच, कारण तिथे हजेरीपटच नव्हता. त्यानंतर काही महिन्यांतच त्याच चिखली परिसरात नगररचना योजना जाहीर झाली, तेव्हा मूळ गावकरी एकवटले आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. गावकऱ्यांच्या विजयाचा मला आनंद आहे. पण एकाच शिवारात सातबारावाल्यांना एका महिन्याच्या आंदोलनाने जे मिळालं, त्याच्या शतांशही पत्र्याखाली काम करणाऱ्याला मिळालं नाही. गावच्या आंदोलनाच्या मंचावर त्या माणसाला खुर्ची होती का, हे गावाने स्वतःला विचारावं.

विरोध मोडून काम लवकर होतं, हा समज तर या भागात पुरता खोटा ठरलेला आहे. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायचं होतं. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर त्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, तीन माणसं मेली, त्यात एक बाई होती. त्यानंतर बारा वर्षं काम बंद. पाणी मावळालाही पुरतं मिळालं नाही आणि शहरालाही नाही. पीएमआरडीएचा विकास आराखडा ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाला, ६० हजारांहून जास्त हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, लोक कामधंदा सोडून आकुर्डीला खेपा घालत राहिले, आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. चार वर्षं गेली. आधी गावोगाव बसून आखला असता तर दीड-दोन वर्षांत झाला असता, असं माझं ठाम मत आहे.

जमीनमालकांनी स्वतः नगर उभारण्याचं उदाहरण पुण्यातच आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यात १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. घरातल्या पोरांनी बांधकामाचे ठेके घेतले. मगरपट्टा म्हणजे स्वर्ग नव्हे. शेतमजुराला तिथेही शेअर मिळाला नाही. पण गावाने आखलेलं शहर चालतं, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं, आणि हिंजवडीहून ते पाहायला जायला पासपोर्ट लागत नाही.

मारुंजी, हिंजवडी, माण, नेरे, जांबे, सांगवडे, गहुंजे ही गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायची का, याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. कुणी म्हणतं महापालिका, कुणी म्हणतं स्वतंत्र नगरपरिषद. पुण्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगी आत घेतली आणि सरकारला ती पुन्हा बाहेर काढावी लागली. पाटी कुठलीही लावा, विचारायची पद्धत बदलली नाही तर मारुंजीच्या भिंतीवर रंग तोच येणार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. खूण करायच्या आधी गावात सभा घ्या. जागा कुणाची जाते, किती जाते, मोबदला कशात आणि कधी मिळणार, याची यादी मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. त्या यादीत गाळ्यातला भाडेकरू आणि पत्र्याच्या खोलीतला मजूरही असला पाहिजे. ४० फ्लॅटच्या इमारतीला जी चित्रीकरणाची सक्ती आहे, ती हजारो माणसांच्या गावालाही करा. पैसे हातात पडल्याशिवाय जेसीबी येऊ देऊ नका. आणि कंपन्यांनी नाल्यांवर बांधलं असेल तर तेही त्याच दिवशी, त्याच मापाने पाडा.

पण सरकारने हे आपणहून करावं अशी वाट पाहत बसायला वेळ नाही. मारुंजीच्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या अनेकांचं मतदान अजून लातूर, जळगाव, नागपूर किंवा परराज्यात आहे. ग्रामसभेत बसायचं आणि मत द्यायचं तर गावच्या मतदार यादीत नाव लागतं. त्यासाठी नमुना ६ भरावा लागतो, तो ऑनलाइनही भरता येतो, आणि भाड्याने राहणाराही भरू शकतो. सोसायटीच्या कमिटीने लिफ्टशेजारी टँकरच्या बिलाची नोटीस लावता लावता हीही लावावी. गावातल्या जाणत्यांनी सोसायटीवाल्यांना बाहेरचे म्हणणं थांबवावं. त्यांच्या मतांची गावाला गरज आहे. एका सातबाऱ्यावरची सोळा नावं आणि एका टॉवरमधली दोनशे मतं एकाच ठरावाखाली आली तर तो ठराव बाजूला सारणं कुठल्याही अधिकाऱ्याला जड जाईल.

१ मे रोजी ग्रामसभा असते, आणि त्याच दिवशी कामगार दिनाची सुट्टी असते. ती ग्रामसभा मारुंजीत संध्याकाळी घ्या, आयटीवाल्यांना आणि साइटवरच्या मजुरांनाही जमेल अशा वेळी. विषयपत्रिकेवर पहिला विषय रस्त्याच्या रुंदीचा ठेवा, आणि पीएमआरडीएच्या अधिकाऱ्यांना नकाशा घेऊन यायचं लेखी निमंत्रण आठ दिवस आधी पोचतं करा.